बुधवारचं एकत्र जेवण: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, लोक घरून एकेक पदार्थ घेऊन येतात, सगळं एका लांब टेबलावर मांडतात, एकत्र जेवतात आणि मग गप्पा मारत बसतात. पॉटलक म्हणतात ते हेच. ऐकायला इतकं सोपं आहे तरी प्रश्न भरपूर येतात आणि तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. बऱ्याच मंडळ्या बुधवार धरतात म्हणून मी पण बुधवारच म्हणतेय, तुमच्याकडे मंगळवार किंवा गुरुवार असेल तर तसं वाचून घ्या.

रविवारी भेटतोच ना, मग मधेच परत कशाला?

रविवारी आपण एकाच दिशेला तोंड करून बसतो, पुढच्याची पाठ दिसते, उपासना संपली की दारात हात मिळवतो, "कसे आहात, बरं आहे" आणि निघालो. वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसणाऱ्या दोन माणसांना एकमेकांची मुलं कितवीला आहेत तेसुद्धा माहीत नसतं, आणि यात कोणाची चूक नाहीये, उपासनेची रचनाच तशी आहे. जेवताना मात्र समोरासमोर बसावं लागतं, हात कामात असतात त्यामुळे बोलण्याचं टेन्शन कमी येतं, आणि ज्याला बोलायचं नाही त्याला घास तोंडात घालून गप्प बसायची सोय असते. शिवाय बुधवारपर्यंत आठवड्याने माणसाला चांगलंच दमवलेलं असतं, रविवारचा इस्त्रीचा चेहरा उतरलेला असतो, त्यामुळे बोलणं जरा खरं होतं.

म्हणजे हे प्रभुभोजन आहे का?

नाही. भाकर आणि द्राक्षारसाचा विधी वेगळा, तो कोणी द्यायचा आणि कोणी घ्यायचा याचे प्रत्येक मंडळीचे आपापले नियम आहेत आणि बुधवारच्या जेवणाने त्यांना धक्का लागत नाही. इथे कोणीही बसू शकतं, बाप्तिस्मा झालाय का, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालंय का हे कोणी विचारत नाही. जेवणाआधी एक छोटी प्रार्थना होते, अन्नासाठी देवाचे आभार मानतात, बस. छोटी म्हणजे खरंच छोटी हो, जेवण गरम असतं.

आता खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात हे दोन्ही इतके वेगळे नव्हते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

याला बायबलमध्ये काही आधार आहे की आपली नवीन फॅशन?

फॅशन तर अजिबात नाही. प्रेषितांची कृत्ये २ मध्ये विश्वासणारे घरोघरी भाकर मोडायचे आणि आनंदाने एकत्र जेवायचे असं लिहिलंय. लूकचं शुभवर्तमान वाचायला घ्या, येशू सारखा कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवायला चाललेला दिसतो, लोक ज्याला पापी म्हणायचे त्या जकातदाराकडेही आणि धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या परुश्याकडेही. यहूदाच्या छोट्याशा पत्रातसुद्धा प्रीतिभोजनांचा, म्हणजे अशाच एकत्र जेवणांचा, उल्लेख आहे, पण तो तक्रारीच्या सुरात, म्हणजे तेव्हाही सगळं काही छान चाललेलं नव्हतं.

सगळ्यात कामाचा उतारा मला वाटतो तो करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत काय व्हायचं की ज्यांची सोय होती ते आधी येऊन आपलं आणलेलं आपणच खाऊन घ्यायचे, मागून येणाऱ्याला काही उरायचं नाही, एक उपाशी आणि दुसरा पिऊन टाइट. बरेच अभ्यासक म्हणतात की उशिरा येणारे बहुधा मजूर आणि गुलाम असणार, ज्यांचा वेळ त्यांच्या हातात नव्हता, आणि त्या काळच्या रोमन घरात जेवणाच्या खोलीत जेमतेम नऊ जण बसायचे, बाकीच्यांना बाहेर अंगणात. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल चिडून विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि मग मोठा धर्मशास्त्राचा मुद्दा मांडून झाल्यावर शेवटी सांगतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. बुधवारचे आमचे जवळपास सगळे नियम या एका वाक्यातून निघालेत, खाली वाचताना लक्षात येईलच.

मग हे मधे बंद का पडलं होतं?

पूर्ण बंद कधीच पडलं नाही पण आटलं खरं. सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं, त्यात ख्रिस्ती लोकांची चौकशी केल्याचा वृत्तांत आहे, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताची गाणी म्हणतात आणि नंतर परत जमून जेवतात, जेवण अगदी साधंसुधं असतं. साधंसुधं हे मुद्दाम सांगावं लागलं कारण बाहेर नको नको त्या अफवा होत्या. आणि संघटनांवर बंदी आली तसं ते जेवण त्यांनी थांबवलं असंही त्यात आहे. पुढे सन १९७ च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन अशाच जेवणाचं वर्णन करतो: आधी प्रार्थना, मग भूक भागेल इतकंच खायचं, मग हात धुऊन दिवे लावले की ज्याला जमेल त्याने शास्त्रातलं किंवा स्वतःच्या मनातलं गाणं म्हणायचं. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने चर्चच्या आत अशी जेवणं घालायला मनाई केली, कारण तोवर जमाव मोठा झाला होता, इमारती मोठ्या झाल्या होत्या आणि गोंधळही मोठा होत असावा.

नंतर १७२७ मध्ये जर्मनीत हेर्नहुट इथे मोराव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ही रीत परत धरली. ऑगस्टमध्ये एका प्रभुभोजनानंतर लोक घरी जायलाच तयार होईनात, बोलतच बसले, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या काउंट झिंझेन्डॉर्फने आपल्या घरून जेवण पाठवलं. मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉन वेस्ली १७३७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात असताना त्यांच्या अशा प्रीतिभोजनाला जाऊन बसला आणि पुढे मेथडिस्टांमध्येही ते आलं, तिथे ब्रेड आणि पाणी एवढंच असायचं आणि लोक आपापली साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, सांगायचे. ब्रेड आणि पाणी! आपल्याकडे गोड पदार्थ दोनच आले म्हणून चेहरे पडतात.

मी सभासद नाही / मी ख्रिस्तीच नाही. आलं तर चालेल का?

चालेल, या. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायची सक्ती नाही. तुमच्याकडून फॉर्म भरून घेणार नाही, जेवण झाल्यावर कोपऱ्यात नेऊन कोणी तुमच्या आत्म्याची चौकशीही करणार नाही, आणि कोणी केलीच तर आम्हाला सांगा. विश्वासाबद्दल काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा, उत्तर द्यायला लोक उत्सुक असतात, कधीकधी जरा जास्तच.

काहीच बनवायला जमलं नाही तर मोकळ्या हाताने यायचं का?

हो. आणि हे नुसतं वरवर सांगत नाहीये.

काही लोक येतच नाहीत कारण आणायला काही नसतं, कोणाला कामावरून थेट यावं लागतं, कोणाचा गॅस संपलेला असतो, कोणाचे महिनाअखेरीचे दिवस असतात आणि ते कोणाला सांगायचं नसतं. "प्रत्येकाने काहीतरी आणलंच पाहिजे" असा नियम केला की पहिले गळतात ते हेच लोक, आणि त्यांच्याशिवाय जेवायचं असेल तर सरळ चार मित्रांना घरी बोलवा, चर्च कशाला पाहिजे. म्हणून दारात यादी घेऊन कोणी उभं राहत नाही, कोणत्या डिशवर कोणाचं नाव ते टेबलावर लिहीत नाही (डब्याच्या तळाला लिहा, तो मुद्दा शेवटी आहे), आणि "तुम्ही काय आणलंत?" हा प्रश्न गप्पांची सुरुवात म्हणून विचारायचा नाही. ज्याला विचाराल त्याने नेमकं काही आणलेलं नसतं.

स्वयंपाक जमत नसेल पण काहीतरी करावंसं वाटत असेल तर अर्धा तास आधी येऊन टेबलं मांडा, पाणी भरा. आणि दमून आला असाल तर तेही नको, बसा.

बरं, आणायचं असेल तर किती आणायचं?

पहिल्यांदा येणारे हमखास घाबरतात की चाळीस लोकांना पुरेल एवढं करायचंय. नाही हो. तुमच्या घरातून जितकी माणसं येणार त्यांना पोटभर होईल इतकं आणि वर दोन-तीन जणांचं, बस. प्रत्येक जण प्रत्येक पदार्थ चमचाभरच घेतो, त्यामुळे सगळ्यांनी एवढं आणलं तरी मोकळ्या हाताने आलेल्यांना धरून पुरतं आणि बहुतेक वेळा उरतं.

काय आणायचं ते आधी ठरवून देता का?

ढोबळ ठरवतो. तक्ते, रंगीत कॉलम, वाटप वगैरे केलं की ते ऑफिस होतं. पण अगदीच मोकळं सोडलं तर एखाद्या बुधवारी सहा प्रकारचे केक आणि एकच भात येतो, हेही तितकंच खरं. मधला मार्ग म्हणजे दोन-तीन भरवशाच्या लोकांनी पोटभरीचं काहीतरी आणायचं पक्कं ठरवून घ्यायचं, बाकीच्यांनी मनाला येईल ते. ग्रुपवर एक मेसेज टाकला की "गोड पुरेसं झालंय" तरी भागतं.

विकतचं आणलेलं चालतं?

चालतं, आणि लपवायला काचेच्या भांड्यात काढून घ्यायची गरज नाही. उलट पॅकेटवर घटक छापलेले असतात, ॲलर्जीवाल्यांना त्याचीच मदत होते. नुसती फळं आणलीत तरी उत्तम, ती सगळ्यात आधी संपतात.

मला / माझ्या मुलाला ॲलर्जी आहे, काय काळजी घेता?

यात हलगर्जी नको, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक डिशच्या पुढे एक चिठ्ठी असते, पदार्थाचं नाव आणि त्यात यातलं काय आहे ते: शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड वगैरे, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे प्रकार. मांसाहारी असेल तर ते मोठ्या अक्षरात. "थोडंसंच घातलंय" हेही लिहायचं, कारण ॲलर्जीला थोडंसं आणि खूप असा फरक कळत नाही. बाहेरचा सॉस वापरला असेल तर बाटली वाचा, सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो आणि हे कित्येकांना माहीत नसतं.

पण चिठ्ठी बरोबर असूनही घोळ होतो तो चमच्यामुळे. बघत राहा एकदा: कोणीतरी दाण्याची चटणी वाढून घेतं, तोच चमचा शेजारच्या सॅलडमध्ये खुपसतं, सॅलडची चिठ्ठी म्हणते "दाणे नाहीत" आणि आता ते खोटं झालं. म्हणून प्रत्येक डिशला स्वतःचा चमचा, तो डिश सोडून कुठे जायचा नाही, आणि ज्यांना जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे किंवा सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) आहे त्यांना सगळ्यांच्या आधी वाढून घ्यायला सांगायचं, चमचे फिरायच्या आत. यात लाड कसले, काही जण नाक मुरडतात त्यांना मुरडू दे. आणि तुमची ॲलर्जी फारच तीव्र असेल तर स्वतःचा डबा घेऊन या आणि आमच्याबरोबर बसून खा, कोणाला राग येत नाही. इंजेक्शन किंवा औषध जवळ ठेवत असाल तर ते कुठल्या बॅगेत आहे हे टेबलावरच्या एकाला तरी सांगून ठेवा.

अजून दोन गोष्टी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही भरवायचं नाही, कौतुकाने बोटावरसुद्धा नाही. आणि लहान मुलं असतील तर द्राक्षं उभी चिरूनच ठेवायची, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

बुधवारी माझा उपवास असतो, मग?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. दिदाखे नावाचं फार जुनं ख्रिस्ती पुस्तक आहे त्यात बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा असं सांगितलंय, आणि ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या जुन्या परंपरेच्या) मंडळ्यांमध्ये आजही या दोन दिवशी वर्षातला बराचसा काळ मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे ऑर्थोडॉक्स पाहुणे असतील तर निदान एक-दोन पदार्थ तरी त्यांना चालतील असे असावेत, किंवा सरळ वारच बदला. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, अर्थातच मोठं जेवण नसतं. पुढच्या उपवासकाळात बऱ्याच मंडळ्या फक्त सूप आणि ब्रेड ठेवतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की वर्षातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या आठवड्यांतच होतात, कारण पदार्थांचं कौतुक करण्यात वेळ जात नाही. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलाने सांगूनच ठेवलंय की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. ज्याची त्याची ताटली.

वाईन किंवा रम घातलेले पदार्थ?

नको. शिजताना सगळी उडून जाते ही समजूत चुकीची आहे, बऱ्यापैकी उरते. दारू सोडायचा प्रयत्न करणारा माणूस तुमच्याच टेबलावर बसलेला असू शकतो आणि तो तसं सांगेलच असं नाही.

अन्न खराब होऊन त्रास झाला तर? आमचे एक काका सारखे हेच म्हणतात.

काकांचं बरोबर आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात, म्हणून गरम पदार्थ गरमच राहायला हवा आणि थंड थंडच. या मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हवा खूप गरम असेल, म्हणजे ३२ अंशांच्या वर, तर एकच तास. लक्षात घ्या की तुमच्या घरून चर्चपर्यंत यायला लागलेला वेळसुद्धा त्यात मोजायचा.

भाताबद्दल वेगळं सांगते कारण त्याचा कोणाला संशय येत नाही. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात एका जंतूचं विष तयार होऊ शकतं आणि ते परत गरम केलं तरी नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी करून ओट्यावर ठेवलेला भात संध्याकाळी कढत करून आणू नका, त्यापेक्षा आणूच नका. आदल्या दिवशी केलेलं असेल तर पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये, आणि आणायच्या आधी मधोमध वाफ येईपर्यंत गरम. पोट बिघडलं असेल, उलट्या होत असतील तर त्या दिवशी स्वयंपाक करू नका आणि येऊही नका, बरं वाटल्यावर दोन दिवस जाऊ द्या.

वाढून घ्यायची रांग फार लांब होते, काही उपाय?

टेबल भिंतीला लावू नका, मधे ओढा, दोन्ही बाजूंनी रांग चालते. ताटल्या सुरुवातीला, चमचे आणि नॅपकिन शेवटी. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असलेल्या आयांना बसल्या जागी आणून द्या, पण काय हवं ते विचारून, आपल्या मनाने ताट भरून नाही.

उशिरा येणाऱ्यांना काही उरत नाही.

हा तर सरळसरळ करिंथ झाला. आम्ही काय करतो, वाढायला सुरुवात करायच्या आधीच प्रत्येक मोठ्या डिशमधून थोडं काढून वेगळं झाकून ठेवतो, आधी, उरल्यावर नाही. शिफ्टवाले, बस चुकलेले, आजारी माणसाजवळ बसून मग निघालेले, हे सगळे उशिरा येतात आणि त्यांनाच जेवणाची खरी गरज असते. दुसरं म्हणजे उशिरा आलेल्याला "अरे आत्ता आलास!" असं लांबून ओरडून विचारायचं नाही. खुर्ची सरकवायची.

कार्यक्रम काय असतो? भाषण असतं का?

नसतं आणि नसावं. फार तर शास्त्रातला एखादा छोटा उतारा वाचतात आणि टेबलावर त्याबद्दल बोलतात. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) बोलायचा मोह होतो, साहजिक आहे, पण त्रोवसमध्ये पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला हे त्यांना प्रेमाने आठवून द्या. पौलाकडे त्याला मेलेल्यातून उठवायची सोय होती.

वेळ सांगितलेली असेल त्याच वेळेला संपवा. ज्यांना सकाळी लवकर कामावर जायचंय ते "दीड तास" ऐकून येतात आणि अडीच तास झाले की पुढच्या वेळी येत नाहीत. ज्यांना बसायचंय ते भांडी घासत बसतीलच.

टेबलावर नक्की बोलायचं काय?

बोलण्याची सुरुवात करायला एखादा प्रश्न असला की बरं पडतं. "आयुष्यातली सर्वात मोठी परीक्षा कोणती" असले प्रश्न नकोत, सूप पिताना कोणाला सुचत नाही. साधे विचारा: या आठवड्यात कशाने दमलात? तुमच्या लहानपणी जेवायला बसताना घरात काय नियम होते? प्रार्थना करायला तुम्हाला कोणी शिकवलं? हा शेवटचा प्रश्न फार चांगला चालतो, आजी निघतात, शेजारी निघतात, कोणी म्हणतं मला कोणी शिकवलंच नाही आणि मला अजून येत नाही, आणि त्यावर टेबलावरचे बाकीचे हळूच म्हणतात मला पण नाही.

एका टेबलावर सहा ते आठ जण. त्याहून जास्त झाले की दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात आणि मधला माणूस कुठल्याच गप्पांत नसतो. नवरा-बायको वेगवेगळ्या टेबलांवर बसले तर दोघांनाही जास्त बोलता येतं, बघा करून.

एकच माणूस बोलत राहतो, त्याचं काय करायचं?

सगळीकडे असतो एक. टेबलावर कोणीतरी एक जण लक्ष ठेवणारा असावा, पद वगैरे नको, त्याने दम घ्यायच्या जागी मधे शिरून दुसऱ्याला नावाने विचारायचं, "आणि मावशी, तुमच्याकडे कसं होतं?" एवढंच. पण एक लक्षात ठेवा, खूप बोलणारा माणूस बऱ्याचदा दिवसभर घरी एकटा असतो. त्याला बुधवारीच माणसं भेटतात. तर जेवण झाल्यावर कोणीतरी त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसून पूर्ण ऐकून घ्या, मग टेबलावर तो आपोआप कमी बोलतो.

आणि मला लोकांत बोलायलाच नको वाटतं.

मग बोलू नका. पाण्याचा जग घेऊन फिरा, हे जगातलं सगळ्यात चांगलं काम आहे, प्रत्येकाशी दोन वाक्यं होतात आणि तिसरं व्हायच्या आत पुढे जाता येतं.

राजकारणावरून किंवा शिकवणीवरून वाद झाला तर?

होतो. विषयांवर बंदी घालून उपयोग नाही, लोक मग पार्किंगमध्ये भांडतात. आमचा नियम एवढाच की जो माणूस टेबलावर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि जो टेबलावर आहे त्याला "तुम्ही लोक" म्हणायचं नाही.

मी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. हे कसं थांबवायचं?

हे फार वाईट आहे, आणि चर्चमध्ये याला एक छान कपडा चढवलेला असतो: "प्रार्थनेसाठी म्हणून सांगतेय हं." एखाद्याच्या घरातलं भांडण, आजार, नोकरी गेल्याची गोष्ट ग्रुपवर प्रार्थनेची विनंती म्हणून पडते आणि ज्याची गोष्ट आहे त्यालाच ती फोनवर वाचायला मिळते. तर नियम असा की ज्याची गोष्ट त्याची परवानगी, तीही तोंडी आणि त्याच दिवशी विचारून. परवानगी नसेल तर प्रार्थना तुम्ही एकट्यानेच करा, देवाला ग्रुपमध्ये ॲड करायची गरज नसते.

याला अपवाद एकच. कोणी मारहाण, छळ, लहान मुलाला होणारा त्रास किंवा जीव द्यायचे विचार असं काही सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, विश्वास ठेवा, आणि मंडळीत यासाठी नेमलेल्या व्यक्तीला आणि लागेल तिथे पोलिसांना किंवा डॉक्टरांना सांगा, त्याच रात्री. "पाळक बघतील" म्हणून रविवारपर्यंत थांबू नका.

लहान मुलं कुठे असतात?

आधी टेबलावर, आपल्याबरोबर. त्यांना सुरुवातीलाच दुसऱ्या खोलीत पाठवलं तर मोठी माणसं जेवताना काय बोलतात, दुःख झालं की काय करतात हे त्यांना कधी दिसणार? नंतर कंटाळली की खेळायला जाऊ देत, तिथे कायम दोन मोठी माणसं असली पाहिजेत, एक नाही, आणि दार उघडं. दुसऱ्याच्या मुलाला एकट्याने गाडीतून घरी सोडायला जाऊ नका, कितीही ओळख असली तरी.

काही जण फक्त जेवायला येतात, रविवारी दिसत नाहीत.

येऊ देत. लूक १४ मध्ये येशू सांगतो की मेजवानी घालशील तेव्हा मित्रांना, श्रीमंत शेजाऱ्यांना नको बोलावू, जे परत फेडू शकत नाहीत त्यांना बोलाव. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी विचारते की त्या माणसाचं नाव काय आहे? बहुतेकांना माहीत नसतं.

भांडी दरवेळी बायकाच का घासतात?

उत्तर मिळालं की मलाही कळवा. तोवर उपाय: पाळ्या टेबलांप्रमाणे लावा, माणसांप्रमाणे नाही, म्हणजे ज्या टेबलाची पाळी ते अख्खं टेबल उठतं, प्राध्यापक, पाळक, तरुण मुलं, सगळे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये जेवणाच्या वाटपावरून तंटा झाला, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं, तेव्हा मंडळीने त्यासाठी चांगल्या नावाचे, पवित्र आत्म्याने भरलेले सात पुरुष निवडले. पुरुष, परत सांगते. त्यातला एक स्तेफन, पुढे पहिला ख्रिस्ती हुतात्मा झाला तो.

उरलेलं कोण नेतं?

ज्यांनी आणलं ते नाही, आधी इतरांना विचारायचं. रिकामे डबे आम्ही बाजूला ठेवतोच, शेवटी सगळ्यांना एकदम सांगतो की भरून न्या, म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याला वेगळं पुढे यावं लागत नाही. दोन तास होऊन गेलेलं असेल तर मात्र टाकून द्या, जीव तुटला तरी.

आमच्याकडे सुरू करायचंय पण लोक येतील का?

सुरुवातीला थोडे येतील. एकच टेबल भरलं तर एकच मांडा, मोठ्या हॉलमध्ये दहा टेबलं मांडून नऊ रिकामी ठेवलीत की आलेल्यांनाही आपण चुकून आलो असं वाटतं. समिती नेमू नका, तिघंजण बस झाले: एक चावीवाला, एक स्वयंपाकघर कळणारा आणि एक ज्याला सगळ्यांची नावं लक्षात राहतात. दर आठवड्याला झेपत नसेल तर पंधरा दिवसांनी करा, पण ठरलेला दिवस पाहुणे कमी आहेत म्हणून रद्द करू नका, एकदा रद्द केला की पुढच्या वेळी लोक आधी फोन करून विचारतात आणि मग येत नाहीत.

माझा स्टीलचा डबा तिकडेच राहिलाय, निळ्या झाकणाचा.

स्वयंपाकघरात सिंकच्या खालचं कपाट, तिथे बघा. निळ्या झाकणाचे बरेच आहेत, म्हणून तर तळाला चिकटपट्टीवर नाव लिहा म्हणतो. महिन्याच्या शेवटी कोणी नेले नाहीत की ते उरलेलं भरून द्यायला वापरतो.